काळ्या पाषाणाच्या चिठ्ठीवर नाव काय लिहू?

सीमेवरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेवर शिकवतो. सातवीच्या वर्गात आम्ही दगडांची पेटी करतोय. प्रत्येकानं घराजवळचा एक दगड आणायचा आणि त्याखाली चिठ्ठी लावायची: नाव, कुठं मिळाला, कशाला वापरतात. सोळा दगड आले, पंधरा चिठ्ठ्या झाल्या. सोळावी अडलीय, म्हणून हा धागा.

एका मुलीनं पणजीच्या फुटक्या पाट्याचा तुकडा आणलाय. ओंजळीत मावेल एवढाच, पण उचलला की हात खाली जातो. वरची बाजू पिढ्यान्‌पिढ्या वाटण वाटून गुळगुळीत झालेली. टाकीचे बारीक खड्डे जवळजवळ झिजलेत, दोनचार खोल होते त्यांत हळदीचा पिवळेपणा अजून बसलेला आहे. जिथं फुटलाय तिथं रंग निव्वळ काळा नाही. निळसर झाक असलेला गडद करडा आहे, आणि उन्हात फिरवला की सुईच्या टोकाएवढे कण चमकतात. पाठीमागं वाटाण्याएवढी तीन छिद्रं आहेत, त्यातलं एक पांढऱ्या खड्यानं गच्च भरलेलं.

"कशाला वापरतात" या रकान्यात तिनं स्वतःच लिहून आणलं होतं: 'वाटण वाटायला. आता मिक्सर आहे.' नावाचा रकाना मात्र कोरा.

मी सवयीनं "बेसाल्ट लिही" म्हणालो. ती म्हणाली, "गुरुजी, वाळूचा दगड म्हणजे वाळूचा. चुनखडी म्हणजे चुन्याची. मग बेसाल्ट म्हणजे कशाचा?"

मला उत्तर आलं नाही. वीस वर्षं तो शब्द फळ्यावर लिहितोय.

घरी आल्यावर विचारत सुटलो. आईनं तुकडा हातात घेऊन लगेच सांगितलं, "काळा पाषाण." वडिलांच्या जुन्या पुस्तकात 'असिताश्म' सापडलं. असित म्हणजे काळा, अश्म म्हणजे दगड. शेजारच्या कन्नड शाळेतले सर म्हणाले, "करी कल्लु." म्हणजे पुन्हा काळा दगड. तीन ठिकाणी विचारलं आणि तिन्हीकडं अर्थ एकच निघाला. फक्त जो शब्द आपण परीक्षेला लिहायला लावतो, त्याचाच अर्थ कुणाला सांगता येईना.

मग त्या शब्दाच्या मागं लागलो. जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रोमन काळात प्लिनी म्हणून मोठा विद्वान होऊन गेला. जगातल्या सगळ्या वस्तूंची नोंद करायचा त्याचा ध्यास. त्यानं एका गडद, लोखंडी रंगाच्या, अतिशय कठीण दगडाबद्दल लिहिलं. त्या दगडाचं नाव 'बासानितेस'. ग्रीक भाषेत 'बासानोस' म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड. आपली कसोटी! पुढं त्याच्या ग्रंथाच्या नकला करताना कुठल्यातरी लेखनिकाच्या हातून अक्षरं चुकली आणि 'बासानितेस'चं 'बासाल्तेस' झालं. तीच चुकीची अक्षरं १५४६ साली जर्मनीतल्या अग्रिकोला नावाच्या खनिजतज्ज्ञानं उचलली आणि सॅक्सनीतल्या श्टोल्पेनच्या किल्ल्याखालच्या काळ्या खांबांच्या खडकाला दिली. तिथून ती जगभर गेली, आणि शेवटी आमच्या सातवीच्या फळ्यावर आली.

म्हणजे बेसाल्ट या शब्दाच्या पोटात 'कसोटी' बसलीय. आणि हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये वारला तो व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात. त्यानं ज्याची नोंद केली, तेच नाव पुढं ज्वालामुखीच्या दगडाला लागणार हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तुमच्याकडून हवंय ते असं. तुमच्या गावात, शिवारात या दगडाला काय म्हणतात? विहीर खणणारे, दगड घडवणारे कुठले शब्द वापरतात? आणि 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो, ती रेघ कसली? छिन्नीची, की कसोटीवरची सोन्याची?

---

चिकोडीचा_शेतकरी

मास्तर, आमच्याकडं पाषाणच. काळा पाषाण किंवा नुसता पाषाण. बेसाल्ट हा शब्द मी पहिल्यांदा बोअरच्या कागदावर वाचला.

आमची विहीर वडिलांनी खणली तेव्हा मी शाळेत होतो. सुट्टीत दिवसभर काठावर बसून असायचो, त्यामुळं थर तोंडपाठ आहेत. वर दोन पुरुष काळी जमीन. त्याखाली मुरूम, कुदळीनं निघणारा. मग मांजऱ्या लागला. मांजऱ्या म्हणजे छिद्रांचा, पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा, पहारीनं फुटतो तो. तुमच्या तुकड्याच्या पाठीमागं जी छिद्रं आहेत ना, तसलीच छिद्रं अंगभर असली की तो मांजऱ्या. त्यात थोडं पाणी पाझरलं, सगळे खूश झाले. त्याखाली पाषाण लागला आणि काम थांबलं. घण मारला की ठिणग्या उडायच्या. मग सुरुंगवाले आणले. रोज संध्याकाळी दोन बार उडायचे आणि आई भांडी फडताळावरून खाली काढून ठेवायची.

पाषाण संपल्यावर एक तांबडा थर लागला. हातभर जाडीचा असेल नसेल. वीट भाजल्यासारखा लाल आणि बोटानं खरवडता येईल असा. वडील म्हणाले, "आता खाली परत मांजऱ्या लागतो बघ." आणि लागला. पाणी तिथंच मिळालं.

त्यांना हे कसं कळलं, ते मला आजतागायत माहीत नाही. हल्ली आमच्याकडं बोअर मारायला तमिळनाडूची गाडी येते. तीसुद्धा हेच बघते. राखाडी पावडर येत असली तोवर चहा पीत बसतात. लाल पावडर यायला लागली की सगळे उठून उभे राहतात.

---

खडकवाचक

सीमाभागातच वाढलो, नोकरी भूशास्त्राची झाली, आता निवृत्त आहे. चिकोडीच्या भाऊंच्या वडिलांना काय कळलं होतं ते सांगतो.

आपल्या पायाखालचा हा दगड एका दमात झालेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा उसळून पातळ कढीसारखा पसरला. एक थर पसरला, निवला. मग कधी लगेच, कधी खूप काळानं दुसरा आला. प्रत्येक थर निवताना आतले वायू वर चढतात आणि वरच्या भागात बुडबुडे अडकून राहतात. म्हणून थराचा माथा छिद्रांचा, आणि पोट सलग, घट्ट. माथा म्हणजे मांजऱ्या, पोट म्हणजे पाषाण. दोन थरांच्या मध्ये खूप काळ गेला की खालच्या थराचा पृष्ठभाग ऊनपावसानं कुजून माती होते. त्या मातीवर पुढचा तप्त लाव्हा आला की ती भाजून निघते. तोच तुमचा तांबडा थर. तांबडा थर लागला म्हणजे वरचा लाव्हा संपला, आणि त्याखाली आधीच्या लाव्ह्याचा माथा असणार, म्हणजे मांजऱ्या असणार. वडिलांनी पुस्तक न उघडता बरोबर वाचलं होतं.

छिद्रांतला पांढरा खडा नंतरचा. खडकातून झिरपलेल्या पाण्यानं हजारो-लाखो वर्षांत ती पोकळी भरली. बहुतेक वेळा तो झिओलाइट नावाच्या खनिजांच्या जातीचा असतो, कधी गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा.

मास्तर, मुलांना ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर आणि वर धूर एवढंच डोळ्यांपुढं येतं. राजहंसगडावर सहलीला नेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "तोंड कुठाय?" तोंड नाही. भेगा होत्या. मुळात ज्वालामुखी हा शब्दही आपण देवीच्या नावावरून घेतलाय. हिमाचलातल्या ज्वालामुखीच्या देवळात जमिनीतून येणारा वायू जळतो, तिथं लाव्ह्याचा काही संबंध नाही.

आता तुमच्या शब्दाबद्दल. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण गोष्ट आणखी एक पायरी मागं जाते. ग्रीकांचा बासानोस बहुधा प्राचीन इजिप्तच्या 'बेखेन' या शब्दावरून आला. आणि बेखेन नावाचा दगड, ज्याच्या त्या सुंदर गडद मूर्ती आहेत, तो ज्वालामुखीचा नाही. तो नदीनं वाहून आणलेल्या बारीक गाळाचा दगड. सोनाराची कसोटीही बहुतेक वेळा बेसाल्ट नसते, गारेच्या कुळातला काळा, एकजीव दगड असतो. कारण तेजाबापुढं त्याला टिकायचं असतं आणि बेसाल्ट तिथं कमी पडतो. थोडक्यात, नाव एका दगडाचं होतं, वाटेत अक्षरं बदलली, आणि जाऊन बसलं भलत्याच दगडावर. दोघांत साम्य दोनच गोष्टींचं, काळेपणाचं आणि कठीणपणाचं.

नाव मिळाल्यावरही हा दगड कुठून आला यावर पुढं बराच काळ भांडण चाललं. जर्मनीतला वेर्नर आणि त्याचे शिष्य म्हणायचे, तो समुद्राच्या पाण्यातून साक्यासारखा खाली बसला. फ्रान्समध्ये देमारे हा माणूस १७६३ साली ओव्हेर्न्यच्या डोंगरांत हिंडला. त्यानं काळ्या खांबांचा खडक सरळ जुन्या लाव्ह्याच्या ओघळापर्यंत पायी माग काढत नेऊन दाखवला. तरी वाद मिटायला पुढं बरीच वर्षं लागली.

---

निपाणीची_लेक

खडकवाचक काका, 'डेक्कन ट्रॅप'चं पण सांगा. माझ्या मुलानं सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात 'दख्खनचा सापळा' असं वाचलं आणि मला विचारलं, "कुणाला पकडायला लावला होता?"

---

खडकवाचक

ताई, मुलाचा प्रश्न योग्य आहे, भाषांतर अयोग्य आहे. हा ट्रॅप इंग्रजी सापळ्याचा नाहीच. स्वीडिश भाषेत 'त्राप्पा' म्हणजे जिना. थरावर थर बसलेत, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी होते. त्यामुळं डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आंबोलीच्या बाजूनं किंवा चंदगडच्या गडांकडं कडेनं बघा, एकाखाली एक पट्टे मोजता येतील. मुलाला सांगा, दख्खनचा जिना.

आज हा जिना सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. सह्याद्रीच्या अंगाला त्याची जाडी २ किलोमीटरच्या घरात जाते. आपला जिल्हा मात्र त्याच्या दक्षिणेच्या काठावर आहे. इथं तो पातळ होत होत संपतो. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी या भागात पाषाण. गोकाकला पोचलात की संपला. गोकाकचा धबधबा, ५२ मीटरचा, कोसळतो तो वालुकाश्म आणि क्वार्टझाइटवरून. ते खडक या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने, कलादगीच्या नावानं ओळखले जाणारे. मी तर म्हणेन, आपल्या जिल्ह्यात भाषेची सीमा कुठं आहे यावर माणसं भांडतील, दगडाची सीमा घटप्रभेच्या पात्रात पाय बुडवून दाखवता येते.

---

खानापूरची_माळ

मला इथं थोडी हरकत घ्यायची आहे. "आपला काळा दगड" म्हणून सगळे एकाच दगडाबद्दल बोलताय. आमच्या खानापूर तालुक्यात काळा दिसला म्हणजे पाषाणच, असं धरून चालत नाही. आमच्याकडं लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे जुने खडक वर आलेत. आणि या भागात उत्तरकालीन चालुक्यांच्या वळणाची जी नाजूक कोरीव देवळं आहेत, त्यांतली बरीच मऊ, हिरवट-काळ्या क्लोराइटी शिस्टची, संगजिऱ्याच्या भावकीतल्या दगडाची असतात. तेलपाण्यानं तो असा काळा होतो की पाट्याचा दगड वाटावा. पण तसली जाळी आणि मण्यांच्या माळा पाषाणात कोरायला बसलं तर जन्म जाईल. म्हणून 'काळा दगड' एवढंच नाव चिठ्ठीवर लिहू नका मास्तर. रंग हे नाव पुरत नाही.

दुसरं, आमच्याकडं घरं जांभ्याची. चिऱ्याची भिंत, वर कौलं. हा जांभा कुठून आला? बऱ्याच ठिकाणी याच पाषाणाच्या कुजण्यातून. लाखो वर्षं पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. लोखंड गंजलं आणि दगड तांबडा झाला. जिथं ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथं बॉक्साइट. बेळगावला ॲल्युमिनियमचा कारखाना उगीच आला नाही.

आणि नावाचाच धागा आहे तर जांभ्याच्या नावाची गोष्ट ऐका, मला ती बेसाल्टपेक्षा गोड वाटते. फ्रान्सिस बुकानन नावाचा डॉक्टर १८०० साली मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा, मलबार हिंडला. मलबारात अंगाडीपुरमला त्यानं पाहिलं, लोक जमिनीतून हा दगड लोखंडी हत्यारानं ओल्या चिखलासारखा कापतात आणि हवेत ठेवला की तो कठीण होतो. तिथल्या लोकांनी त्याला नाव सांगितलं, विटेचा दगड. त्यानं तेच लॅटिनमध्ये नेलं. 'लातेर' म्हणजे वीट, त्यावरून लॅटेराइट. १८०७ साली छापलं. आमच्याकडं कन्नड बोलणारे गवंडी आजही जांभ्याला 'जंबिट्टिगे' म्हणतात. इट्टिगे म्हणजे वीट. या वेळी कुणी नकलताना चुकलं नाही. गवंड्याचा शब्द जसाच्या तसा जगाच्या शास्त्रात गेला. तुमच्या पाषाणाच्या नशिबात तेवढं नव्हतं.

---

शहापूरचा_सोनार

धागा वाचला आणि दुकानातली कसोटी काढून समोर ठेवली. आज्जाची आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चौकोनी, कडा हातानं घासून गोल झालेल्या. काळी म्हणजे खरी काळी, त्या पाट्यासारखी करडी नव्हे. चमक नाही, पण बोट फिरवलं तर रेशमासारखी लागते. एवढी गुळगुळीत असून सोनं ओढलं की पकडते.

काम असं चालतं. दागिना एका बाजूला हलकेच घासायचा, रेघ उमटते. तिच्या शेजारी ज्याचा कस माहीत आहे त्या सोन्याची रेघ ओढायची. दोन्ही रेघा डोळ्यांनी पडताळायच्या. मग काचेच्या काडीनं तेजाबाचा थेंब. पितळ असेल तर रेघ डोळ्यादेखत नाहीशी होते. सोनं राहतं. किती राहतं आणि कुठल्या रंगाचं राहतं, तिथं नजर लागते. आज्जा दिव्याखाली कधी कस बघत नसत. दारात येऊन उत्तरेच्या उजेडात बघायचे. काम झालं की दगड पुसून वर खोबरेलाचं बोट.

आता यंत्रं आली, हॉलमार्क आला. कसोटीला महिना-महिना हात लागत नाही.

खरं मास्तर, शब्द बघा की किती राहिलेत. कसोटी हा संस्कृत 'कषपट्टिका'पासून आला असं जाणकार सांगतात. कष म्हणजे घासणं. 'निकष' म्हणजेही मुळात हाच दगड. नोकरीचे निकष, अनुदानाचे निकष म्हणताना माणूस आमच्या दुकानातला दगड उचलतोय, आणि त्याला ठाऊक नाही. कस लागतो, कसास उतरतो, कसोटी लागते, क्रिकेटचा कसोटी सामना. हरियाणात बनावलीला हडप्पाच्या काळातली कसोटी मिळाली, तिच्यावर सोन्याच्या रेघा होत्या म्हणे. तेवढं जुनं आहे हे काम.

आणि तुमची ती रेघ. माझं ठाम मत, काळ्या दगडावरची रेघ ती हीच. सोनं खरं की खोटं याचा शेवटचा निवाडा म्हणजे ही रेघ. त्यापुढं बोलायचं नाही.

---

घटप्रभेकाठी

सोनारदादा, कन्नडमध्येही अगदी तेच. कसोटीला 'ओरेगल्लु'. ओरे म्हणजे घासणं, कल्लु म्हणजे दगड. 'ओरेगे हच्चु' म्हणजे कसाला लावणं, माणसाबद्दलसुद्धा म्हणतात. आई कन्नड शाळेत शिकलेली, वडील मराठी. घरात दोन्ही चालतं. लग्नाआधी मामानं वडिलांना 'ओरेगे हच्चून' बघितलं होतं, असं आज्जी सांगायची.

---

छिन्नी_हातोडा

सोनारदादांचा मान राखून सांगतो, ती रेघ तुमची नव्हे. ती आमची.

कसोटीवरची रेघ तुम्ही स्वतःच काम झाल्यावर पुसता. वर लिहिलंय तुम्ही. तेजाबानं जाते, तेल लावून फडक्यानं जाते. आणि म्हणीचा अर्थ काय? जे कधी पुसलं जाणार नाही ते. पुसली जाते ती रेघ त्या म्हणीत कशी बसेल? पाषाणावर छिन्नीनं एकदा ओढलेली रेघ चुकली तरी बुजवता येत नाही. लाकडात लांबी भरता येते, चुन्यात गिलावा करता येतो. दगडात नाही. म्हणून रेघ ओढायच्या आधी माझे आज्जा दोरी गेरूत बुडवून आधी दगडावर झटकायचे. लाल खूण उठायची. ती तीनतीनदा बघायची, मग टाकी.

आम्ही वडार. घरातली बोली तेलुगूच्या कुळातली, दगडाला आम्ही 'रायी' म्हणतो. बाहेर मराठी, बाजारात कन्नड. आज्जांनी आयुष्यभर पाटे, वरवंटे, जाती, उखळं घडवली. मास्तर, त्या मुलीच्या पणजीचा पाटा आमच्यातल्याच कुणाच्या तरी हातचा असणार.

दगड कसा निवडायचा ते सांगतो, कारण ते कुठं लिहिलेलं बघितलं नाही. आज्जा हातोडी हलकी टेकवायचे आणि कान लावायचे. घंटेसारखा खणकन नाद आला की दगड सलग. बद्द आवाज आला की आत कुठंतरी चीर आहे, सोडून द्यायचा. मग कडेनं ओळीत भोकं घ्यायची, त्यात पाचरी बसवायच्या, आणि सगळ्या पाचरींवर फिरून फिरून थोडं थोडं ठोकायचं. एकाच पाचरीवर जोर दिला की दगड भलतीकडं फुटतो. शेवटी एक बारीक आवाज यायचा, कापड फाटल्यासारखा. तो आला की आज्जा हातोडी खाली ठेवायचे. दगड अजून जोडलेलाच दिसायचा. पण त्यांना कळलेलं असायचं.

पाट्याला अगदी गुळगुळीत पाषाण चालत नाही असं वाटेल, पण चालतो. त्याला टाकी लावून खरखरीत करतात. वाटून वाटून खड्डे झिजले की वर्षादोन वर्षांनी परत टाकी. दारोदार "टाकीऽऽ" म्हणून ओरडत जायचो, मी आज्जांच्या मागं पिशवी धरून. जात्याला मात्र थोडा छिद्राचा दगड आज्जांना आवडायचा. छिद्रं झिजली तरी त्यांच्या कडा पुन्हा पुन्हा धारदार राहतात, टाकी कमी लागते.

आता मी खडीच्या क्रशरवर हिशेब लिहितो. ज्या दगडातून एक पाटा काढायला दोन दिवस जायचे, तसले ट्रकभर दगड तासाभरात खडी होऊन जातात. खणीवर कुणी दगडाचा नाद ऐकत नाही.

---

खडकवाचक

छिन्नीभाऊ, तुमची पोस्ट तीनदा वाचली. जात्याच्या छिद्रांचं जे सांगितलंत ते शास्त्राच्या दृष्टीनंही चोख आहे. आणि नादाचंही. सलग, बारीक कणांचा घट्ट खडक आवाज झटकन वाहून नेतो, चीर आली की तिथं तो मरतो. हा दगड बारीक कणांचा का, तर लाव्हा उघड्यावर लवकर निवला आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. मास्तरांच्या तुकड्यात उन्हात चमकतात ते सुईच्या टोकाएवढे कण म्हणजे तेच, वाढायचे राहिलेले स्फटिक. बहुतेक फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे, गडद दिसतात ते पायरॉक्सिन या खनिजाचे. वजनानं हात खाली जातो त्यातल्या लोखंडामुळं.

खानापूरच्या ताईंची हरकत मला मान्य आहे. नाव रंगावर सोडलं की काय होतं याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. मलप्याजवळच्या सेंट मेरी बेटांवर खडकाचे षटकोनी खांब आहेत, शाळांच्या सहली जातात. बहुतेक ठिकाणी त्याला बेसाल्ट म्हटलेलं आढळतं. प्रत्यक्षात तो रायोलाइट-डेसाइटच्या जातीचा, सिलिका जास्त असलेला. वय सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षं, म्हणजे आपल्या दख्खनच्या जिन्याशी त्याचा संबंध नाही. तो मादागास्कर भारतापासून तुटला त्या वेळचा. खांब दिसले, गडद दिसले, की म्हटलं बेसाल्ट. अग्रिकोलापासून हेच चाललंय.

---

निपाणीची_लेक

आमच्या सासरी कोकणात 'काळवत्री' म्हणतात. तिकडं जोतं काळवत्रीचं आणि वर भिंत जांभ्याची अशी घरं असतात. शब्द उच्चारला की दगड डोळ्यांसमोर येतो. निपाणीत मात्र कधी ऐकला नाही. चिठ्ठीवर हा लिहिला तर?

---

चिकोडीचा_शेतकरी

वैनी, शब्द चांगलाय, खरं आमच्या शिवारातला न्हाई. पोरगीच्या घरात जो बोलतात तो लिहावा.

---

सीमेवरचा_मास्तर

मंडळी, दोन दिवस शाळेत तपासणी होती म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. काल शेवटच्या तासाला तुमचा सगळा धागा वर्गात वाचून दाखवला. छिन्नीभाऊंच्या आज्जांचा तो कापड फाटल्यासारखा आवाज आला तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला. "आमच्या आज्जापण असंच करत्यात," म्हणाला. मला पाच महिने ठाऊक नव्हतं की त्याच्या घरी दगडाचं काम चालतं. त्याची पंधरा नंबरची चिठ्ठी त्यानं मागून घेतली आणि तिच्यावर 'रायी' हा शब्द जोडला.

रेघेचा निकाल वर्गानं हात वर करून लावला. बावीस छिन्नीकडं, नऊ सोनाराकडं. सोनारदादा, नऊ जणांचं म्हणणं असं की पुसली तरी सोनं खरं होतं हे राहतंच. मला ते खोडता आलं नाही.

चिठ्ठी अशी झालीय:

नाव: काळा पाषाण. शास्त्रातलं नाव बेसाल्ट, जुन्या पुस्तकात असिताश्म, कन्नडमध्ये करी कल्लु.
नावाचा अर्थ: बेसाल्ट म्हणजे मुळात कसोटी, चुकून.
कुठं मिळाला: पणजीच्या परड्यात.
कसा झाला: जमिनीच्या भेगेतून आलेला लाव्हा निवून, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.
कशाला वापरतात: वाटण वाटायला. आता मिक्सर आहे.

'चुकून' हा शब्द तिनं घातला. मी काढायला लावणार होतो, नाही लावला.

पेटीत मांजऱ्या आणि तो तांबडा थर नाही. पाषाणाच्या वर-खाली ते ठेवले तर मुलांना जिना हातानं लावून बघता येईल. चिकोडीचे भाऊ, तुमच्या विहिरीचा राडा अजून बांधावर पडलेला असेल तर मूठभर तांबडं मिळेल का?

---

चिकोडीचा_शेतकरी

पडलाय की. वरचं पावसानं फिकं झालंय, खालचं उकरून देतो. रविवारी पोरांना घेऊनच या, विहिरीत पाणी खाली गेलंय, काठावरनं चारी थर दिसतात. तांबडं भुसभुशीत आहे, पिशवीत आणलं तर पीठ होईल. डबा घेऊन या.